जमिनीखाली बांध नसतो

आमच्या गावात पाणी चोरणं हा गुन्हा आहे. पाळी नसताना कुणी रात्री मोटार चालू केली तर सकाळी चावडीपुढं त्याची अब्रू निघते. पाण्यावरनं डोकी फुटली आहेत, सख्खे भाऊ कोर्टात गेले आहेत. पण पाणी नासवणं हा गुन्हा आहे की नाही, यावर गाव एकत्र बसून बोललंय असं मला आठवत नाही. नदी नासली की कळतं. पंचगंगेला फेस येतो, मासे पालथे पडतात, पेपरात फोटो येतो, मोर्चा निघतो. जमिनीखालचं पाणी नासलं तर काय दिसतं? काहीच नाही. रंग तोच, चव तीच, वास नाही. नासवणाऱ्यालाही कळत नाही, आणि ज्याला बाधतं त्याला नासवणाऱ्याचं नावही ठाऊक नसतं. मग त्याचं पाप मांडायचं कुणाच्या खात्यावर? गेली दोन वर्षं हा प्रश्न माझ्या डोक्यातनं जात नाही.

आमची विहीर सामाईक आहे, बारा हिस्स्यांची. आज्याच्या वेळी खणलेली. वरती दोन पुरुष काळी माती, तिच्याखाली मुरूम, आणि खाली कातळ. कातळाला भेगा आहेत, त्यातनं झरे येतात. विहीर खणणाऱ्या जुन्या वडारांना या भेगांची जाण होती. कातळावर पहारीचा आवाज ऐकून ते सांगायचे, पाणी इकडनं येतंय. पाणी नेहमी वरच्या अंगानं यायचं, कारण जमिनीचा उतारच तसा आहे. आता त्या वरच्या अंगाला, विहिरीपासून चाळीस-पन्नास पावलांवर, भावकीतल्या एका पुतण्याचं वीस गुंठे रान होतं. त्यानं तिथं आठ घरं बांधली आणि भाड्यानं दिली. त्याला मी दोष देत नाही. वीस गुंठ्यांत ऊस लावून वर्षाला काय मिळतं ते आम्हाला माहीत आहे, आणि शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला येणारी बाहेरची पोरं खोल्या शोधत फिरतात. प्रत्येक घराला संडास, संडासाला टाकी, टाकीला शोषखड्डा. सगळं रीतसर.

संडास नसते तर बरं झालं असतं, असं म्हणणाऱ्याला मी दारात उभा करणार नाही. आमच्या आया-बहिणी अंधार पडायची वाट बघत बसायच्या. पोट दुखलं तरी दिवसा जायची सोय नाही. रात्री बॅटरीचा उजेड पडला की अंगावरनं पदर ओढून रस्त्याकडेला उभ्या राहायच्या. गाडगेबाबांच्या नावानं २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, मग गुडमॉर्निंग पथकं आली, पहाटे शिट्ट्या वाजवत फिरायची. ते जरा अतीच होतं, म्हाताऱ्या माणसाच्या हातात गुलाबाचं फूल देऊन त्याला लाजवायचं म्हणजे काय? पुढं २०१४ नंतर बारा हजार रुपये मिळायला लागले आणि घरोघरी संडास झाले. हे चांगलंच झालं. अडचण एवढीच की, घाण डोळ्यांआड झाली म्हणजे ती संपली, असं सगळ्यांनी धरून चाललं.

संपते कुठं? शेतकऱ्याला हे समजायला पुस्तक लागत नाही. माणसाच्या लघवीत युरिया असतो. पोत्यातला युरिया आणि हा युरिया एकच. टाकीत तो कुजतो, त्याचा अमोनिया होतो. टाकीतनं पाणी शोषखड्ड्यात जातं, तिथनं मुरमात झिरपतं, हवा लागली की मातीतले जंतू त्याचं नायट्रेट करतात. रानात हेच घडतं, म्हणून तर पीक हिरवं होतं. फरक एवढाच की रानात ते घ्यायला मुळं असतात. खड्ड्याखाली मुळं नसतात. माती रोगजंतू बऱ्यापैकी अडवते, गाळते. नायट्रेट ती धरूनच ठेवत नाही. पाणी जाईल तिकडं ते जातं. खतं घालून पाट जास्त दिला की नत्र वाहून जातो, असं आम्हाला कृषी सहायक सांगत आले आहेत. ते वाहून कुठं जातं, हे विचारायचं आम्ही विसरलो.

आमच्या सूनबाई बचत गटात आहेत. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाचजणींना पाणी तपासायचं शिकवलं, त्यात त्या होत्या. पेटी मिळाली, नळ्या मिळाल्या. नळाचं पाणी तपासलं, शाळेचा बोअर तपासला. मग त्या म्हणाल्या, "मामा, आपल्या विहिरीचं बी बघू की." नळीत पुडी टाकली, हलवली, आणि पाणी गुलाबी व्हायला लागलं. रंगाच्या तक्त्याशी लावून बघितलं तर ४५च्या खुणेच्या पुढं. आपल्या देशात पिण्याच्या पाण्याला लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट एवढीच मर्यादा घातलेली आहे. नंतर बाटली भरून जिल्ह्याच्या ठिकाणी तपासून आणली, तर मर्यादेच्या दुपटीच्या आसपास भरलं.

हे काही आमच्याच विहिरीचं नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालात २०१७ साली मर्यादेबाहेर नायट्रेट सापडलेले जिल्हे ३५९ होते, २०२३ साली ४४० झाले. पण अहवालातला आकडा आणि आपल्या नळीतला गुलाबी रंग यात फरक असतो.

आता दहावीपर्यंत शिकलेल्या माणसाला त्रैराशिक येतंच. मी एका रात्री बसून हिशेब केला. तो इथं मांडतो, कारण कुणाला दोष द्यायचा हे ठरवायच्या आधी आकडे मांडावेत असं मला वाटतं. एक माणूस वर्षाला साधारण साडेतीन किलो नत्र बाहेर टाकतो. त्यातला बहुतेक लघवीतनं. आठ घरं, घरटी पाच माणसं, म्हणजे चाळीस माणसं. झाला १४० किलो नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात वीस-एकवीस किलो नत्र असतो, म्हणजे ही सात पोती झाली. ही सात पोती दर वर्षी वीस गुंठ्यांत पुरली जातात. त्यात मिसळायला पाणी किती? माणशी दिवसाला ५५ लिटर धरलं तर सांडपाणी वर्षाला आठ लाख लिटर होतं. आमच्याकडं पाऊस चाळीस इंच धरा. कातळाच्या मुलखात त्यातला दहावा हिस्सा मुरला तरी पुष्कळ, म्हणजे वीस गुंठ्यांवर दोन लाख लिटर. एकूण दहा लाख लिटर पाण्यात १४० किलो, लिटरला १४० मिलिग्रॅम नत्र. नायट्रेटची ४५ची मर्यादा नुसत्या नत्राच्या भाषेत साधारण १० होते. म्हणजे चौदापट. टाकीत काही बसतं, काही हवेत उडतं, म्हणून पाऊण भाग सोडून द्या. तरी साडेतीनपट उरतंच. विहिरीला इतर रानांचं पाणी येऊन मिळतं म्हणून ते दुपटीवर थांबलं असावं.

परदेशात काही ठिकाणी असा हिशेब घर बांधायच्या आधी करतात. या रानात किती खड्डे सोसतील, पाऊस किती मुरतो, खालच्या अंगाला विहीर आहे का, हे सगळं बघून मग परवानगी. आपल्याकडंही शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटर, म्हणजे साठ फूट लांब असावा असं मानकात लिहिलेलं आहे. पुतण्याचे खड्डे साठ फुटांच्या बाहेरच आहेत. नियम पाळला गेला. पण तो नियम एका खड्ड्यासाठी आहे. आठ खड्डे एका ओळीत, तेही उताराच्या वरच्या अंगाला आले तर काय, याला नियमात जागा नाही.

मी पुतण्याकडं गेलो. भांडायला नाही. त्याला हिशेबाचा कागद दाखवला. तो बघत राहिला आणि म्हणाला, "तात्या, मी माझ्या जागेत खड्डा मारलाय. तुमच्या बांधाला हात तरी लावलाय का?" नव्हता लावला. हाच तर पेच आहे. आमचा सगळा न्याय बांधावर उभा आहे. बांध कोरला, बांधावरचं झाड तोडलं, पाट फोडला, यावर पंच बसतात. कायदाही तसाच. इंग्रजांनी १८८२ साली जो सुविधाधिकाराचा कायदा केला त्यात आपल्या जमिनीखालचं पाणी गोळा करून वापरायचा हक्क मालकाला दिलाय. पाणी माझं म्हटल्यावर खड्डाही माझा. महाराष्ट्रानं २००९ साली भूजलाचा वेगळा कायदा केला, पण गावाच्या डोक्यात अजून १८८२ सालच चालू आहे. जमिनीखाली बांध नसतो, हे पाण्याला माहीत आहे, कागदाला नाही.

मग तो पुढं म्हणाला ते मला जास्त लागलं. "आणि तुमच्या उसाला तुम्ही काय साखर घालताय काय?"

त्याचंही खरं आहे. विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणं सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, म्हणजे एकरी शंभर किलो. आडसालीला हेक्टरी ४००. शिफारस ही झाली, हात सैल सोडणारे जास्तच टाकतात. आमच्या गावात ऊस सहाशे एकर धरला तर साठ हजार किलो नत्र. गावची माणसं तीन हजार धरली तर त्यांचा साडेदहा हजार. ऊस त्यातला बराच पितो हे कबूल, पण सगळा नाही. गुंठ्याला गुंठा लावला तर त्या आठ घरांचा भार उसापेक्षा जड आहे, वीस गुंठ्यांत १४० किलो विरुद्ध ५० किलो. पण सगळं गाव तराजूत घातलं तर पारडं उसाकडं झुकतं. म्हणजे दोघंही एकमेकाकडं बोट दाखवू शकतात आणि दोघांचंही बोट खोटं नाही.

अशा वेळी मन सोपी वाट शोधतं. प्रत्येकजण म्हणतो, माझ्या एकट्यानं काय होतंय? आणि खरंच, त्याच्या एकट्यानं काही होत नाही. एक खड्डा मुरुमाला सोसतो. मग पाप नेमकं कुठं सुरू होतं, पाचव्या खड्ड्याला की आठव्याला? पाचवा खणणारा म्हणेल, माझ्या आधी चार होते. मला वाटतं, दोष वाटणीनं मोजायला गेलं की तो संपूनच जातो. बारा हिस्से केले तर प्रत्येकाच्या वाट्याला इतका बारीक तुकडा येतो की तो चपलेखाली दिसत नाही. पाण्याचे हिस्से आम्ही केले, पाळ्या लावल्या, उन्हाळ्यात तासाचे अर्धे तास केले. ते पाणी राखायचं कर्तव्य मात्र वाटलं नाही, आणि एकत्रही ठेवलं नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती बोलायला जड जाते. पाणी बाटतं, हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पण बाटतं कशानं? आमच्या लहानपणी महारवाड्याचा आड वेगळा होता. शाहू महाराजांनी १९१९ साली हुकूम काढून सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले केले होते, तरी वेगळा होता. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर तिथल्या लोकांनी तळं शुद्ध करायचं म्हणून घागरी घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतलं. आता हिशेब मांडून बघा. माणसाच्या ओंजळीनं पाण्यात काही गेलं नव्हतं. गेलं ते शुद्धीच्या घागरीतनं. शेणात नत्र, गोमूत्रात नत्र. खरा विटाळ कुठनं आला, हे ती नळी असती तर गुलाबी होऊन सांगितलं असतं. आम्ही हजार वर्षं माणसाच्या स्पर्शाला विटाळ म्हणत बसलो, आणि त्या शब्दाची जिथं गरज होती तिथं तो वापरायचं सुचलं नाही. आज आमच्या विहिरीत दुप्पट नायट्रेट आहे, पण विहीर बाटली असं एकजण म्हणत नाही. म्हणतात, "पाणी बघा की कसं काचेवानी हाय."

बाधतं कुणाला, हे सांगायचं राहिलं. मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळाला होतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात कॉमली नावाच्या डॉक्टरांनी १९४५ साली हे पहिल्यांदा लिहिलं. शेतावरच्या विहिरीचं पाणी घालून केलेलं दूध पिऊन बाळं निळी पडत होती. नायट्रेट पोटात गेलं की रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, म्हणून ओठ निळे, नखं निळी. आणि आपण काय करतो? बाळाचं पाणी आहे म्हणून उकळतो. उकळल्यानं रोगजंतू मरतात. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली तेव्हा सगळे उकळूनच प्यायला लागले, आणि ते बरोबरच होतं. पण नायट्रेट उकळून उडत नाही. उडतं ते पाणी. जितकं जास्त उकळाल तितकं मागं उरलेलं दाट होतं. तुरटीनं जात नाही, मेडिक्लोरनं जात नाही, फडक्यानं गाळलं तर प्रश्नच नाही. म्हणजे जी आई जास्त काळजी घेते, तिच्याच बाळाला जास्त.

आणि त्या आठ घरांतल्या तिसऱ्या घरात अशी एक आई होती. पोरगी सोलापूरकडची, नवरा फौंड्रीत. दूध आलं नाही म्हणून बाळाला डब्यातलं दूध. त्या घरांना नळजोडणी अजून मिळाली नव्हती, पुतण्यानं विहिरीतनंच पाइप टाकून दिला होता. नासवणाऱ्यांतली ती एक, आणि सोसणाऱ्यांतलं तिचंच बाळ. नियम करणारे, खड्डे खणणारे, ऊस लावणारे, आम्ही बारा हिस्सेदार, यातलं कुणीच ते पाणी बाटलीत भरत नव्हतं.

सांगायचं की नाही, यावर घरात दोन मतं पडली. मंडळी म्हणाल्या, "सांगून पोरीला घाबरं करू नगा, भाडं बुडालं तर पुतण्याचं तोंड बघायला नको." मला ते पटलं नाही. माहीत नव्हतं तोवर कुणाकडं बोट दाखवता येत नव्हतं. माहीत झाल्यावर गप्प बसणाऱ्याकडं दाखवता येतं. मी आणि सूनबाई गेलो. सूनबाईंनी नीट समजावून सांगितलं. पोरगी ऐकून घेत होती, बाळ मांडीवर. शेवटी म्हणाली, "काका, मी उकळूनच देत होते हो." मग विचारलं, "आणि संडासाला जायचं बंद करू का?" चिडून नव्हे, खरंच विचारत होती. मला उत्तर देता आलं नाही. सूनबाई म्हणाल्या, "बाळाचं पाणी आमच्या नळाचं न्या, रोज दोन कळश्या. मोठ्यांचं पुढं बघू." नळाला नदीचं शुद्ध केलेलं पाणी येतं, ते तपासलेलं होतं. बाळाला डॉक्टरांना दाखवलं, बाळ ठणठणीत आहे. त्यावर पुतण्या म्हणाला, "मग झालं काय?" काही झालं नाही, हे त्याचं बरोबर. काही व्हायची वाट बघायची का, यावर आमचं जमलं नाही.

मला यातनं जी वाट दिसते ती शेतकऱ्याची आहे. सात पोती नत्र म्हणजे पैसा आहे. आमचे वाडवडील सोनखत म्हणायचे. शहरातनं ते बैलगाडीनं रानात यायचं आणि ऊस माणसापेक्षा उंच जायचा. ते उपसणाऱ्या, वाहणाऱ्या माणसांना गावानं पाण्याला शिवू दिलं नाही, ही त्यातली काळी बाजू, ती विसरून चालणार नाही. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत संडासाचं खत करायचा प्रयोग आयुष्यभर केला, तो याचसाठी, की घाण वाया जाऊ नये आणि ती कुणा एका जातीच्या डोक्यावरही येऊ नये. आज कुणाच्या डोक्यावर द्यायची गरज नाही. आठ टाक्यांचं पाणी खड्ड्यात न सोडता एका पाइपात घेऊन विहिरीच्या खालच्या अंगाला न्यायचं, तिथं केळी, कर्दळी, हत्तीघास लावायचा, आणि मुळांना ते पिऊ द्यायचं. नायट्रेट अडवायचं काम माती करत नाही, मूळ करतं. पुतण्याला हे मी भाड्याच्या भाषेत समजावून सांगितलं आणि तो पाइपचा अर्धा खर्च द्यायला तयार झाला. उरलेला आम्ही हिस्सेदारांनी घालायचा. बारातले नऊ तयार झाले.

माघात चर खणायला घेतला. विहीर ओलांडून दोनशे फूट गेला आणि खालच्या हिस्सेदाराच्या बांधापाशी थांबला. त्याचं म्हणणं, तुमची घाण माझ्या रानातनं न्यायची नाही. त्याला सांगितलं, दादा, ती दहा वर्षं तुझ्या रानाखालनं जातीयच, तू आत्ता पहिल्यांदा बघतोयस. तो म्हणाला, खालनं जाऊ दे, वरनं नको. त्याच्याही घरी पुढल्या महिन्यात बाळंतपण आहे, सूनबाईंनी त्याच्या बायकोला नळीतला रंग दाखवलाय. ती बोलतो म्हणालीय. पाइप आमच्या गोठ्यात पडून आहेत, आणि मिरगाच्या आत चर बुजवायचा की पुढं न्यायचा हे ठरवायचं आहे, नाहीतर पहिल्या वळवातच कडा ढासळतील.